सावलीचें नांव

मुलांच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें आणि कोणतें देऊं नये, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं आठ-दहा पानें एका पंगतीस मांडिलीं जातात, त्यांस नवा नाहीं. आई, बाप आणि मूल एवढेंच जेथें कुटुंब, तेथें या प्रश्नाचा निकाल एका वाक्यांत लागतो. परंतु जेथें आजी, काका, आत्या व थोरल्या काकू हीं सर्वच माणसें मुलांच्या कल्याणाचे अधिकारी असतात, तेथें त्यासाठीं एक लहानसें न्यायालयच भरतें. मध्यंतरीं असें एक न्यायालय आमच्या घरीं भरलें होतें, आणि आमचा वाचनाचा नाद घरांत जगजाहीर असल्यामुळें पंचाचें काम आमच्या गळ्यांत पडलें. पंच म्हणून बसलेला मनुष्य उठतांना आरोपी होऊन कसा उठला, ती हकीकत या महिन्यांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रकरण असें झालें. आमचा नातू पंधरा वर्षांचा आहे. त्यानें शाळेच्या ग्रंथालयांतून एक इंग्रजी कादंबरी आणिली आणि दोन महिन्यांत ती तीनदां वाचून काढिली. अभ्यासाच्या एकाही पुस्तकाच्या वांट्यास हें भाग्य आजवर आलेलें नाहीं. आमच्या वडील वहिनींच्या नजरेंतून ही गोष्ट सुटली नाहीं. एके दिवशीं संध्याकाळीं देवापाशीं दिवा लावून त्या आमच्या खुर्चीजवळ आल्या व म्हणाल्या, "भावोजी, त्या पुस्तकांत मंत्रतंत्र आहे, मेलेल्यांना हांका मारणें आहे, असें मुलें सांगतात. पोरगा आधींच घुमा झाला आहे. तुम्ही एकदां वाचून पाहा, आणि तें घरांत ठेवायचें कीं नाहीं तें सांगा."

वहिनींचा शब्द आमच्या घरांत मोडत नाहीं. वडील बंधूंच्या मागें हें घर त्यांनींच एकत्र ठेविलें आहे. आम्हीं पुस्तक मागून घेतलें, चष्मा पुसला, हातांत पेन्सिल धरिली, आणि दोष शोधण्याच्या तयारीनें पहिलें पान उघडिलें.

पुस्तकाचें नांव 'ए विझर्ड ऑफ अर्थसी'. मराठींत 'अर्थसीचा मांत्रिक' म्हणावें. तें १९६८ सालीं अमेरिकेंत प्रथम प्रसिद्ध झालें. लेखिका अर्सुला ले ग्विन. यांचा जन्म १९२९ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें झाला आणि २०१८ सालीं त्या पोर्टलंड येथें निवर्तल्या. त्यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे नांवाजलेले मानववंशशास्त्रज्ञ होते. आई थिओडोरा क्रोबर यांनीं, ज्याची सारी जमात नष्ट झाली होती अशा इशी या अमेरिकेच्या मूळ रहिवाशाचें चरित्र लिहिलें. तें १९६१ सालचें. देशोदेशींच्या चालीरीती, दंतकथा व नांवें यांची चर्चा ज्या घरांत जेवतांना चालत असेल, त्या घरांतील मुलीनें पुढें एक अख्खा द्वीपसमूहच आपल्या कल्पनेनें रचावा, यांत नवल तें काय?

या पुस्तकाचा उगम मोठा मौजेचा आहे. एका प्रकाशकानें ले ग्विन यांस, थोड्या मोठ्या वयाच्या मुलांसाठीं कांहीं लिहा, अशी विनंति केली. त्यांच्या मनांत असें आलें कीं, गोष्टींतले मांत्रिक हे नेहमीं पांढऱ्या दाढीचे म्हातारेच कां असावेत? ते म्हातारे जन्मले खासच नव्हते. तर मग ते पोरसवदा असतांना ही भयंकर विद्या कोठें शिकले, आणि शिकतांना त्यांच्या हातून काय काय चुका झाल्या? या साध्या शंकेंतून हें पुस्तक निघालें. त्यासाठीं त्यांनीं प्रथम समुद्रांतल्या लहानमोठ्या बेटांचा नकाशा काढिला व मग कथा लिहिली. मांत्रिक मुलांच्या शाळेची कल्पना रोलिंगबाईंच्या हॅरी पॉटरमुळें आज घरोघर पोंचली आहे. पण तें पहिलें पुस्तक १९९७ सालचें, म्हणजे ले ग्विन यांच्या पुस्तकानंतर एकोणतीस वर्षांनीं आलेलें, हें ध्यानांत असूं द्यावें.

कथा थोडक्यांत अशी. गोंट नांवाच्या डोंगराळ बेटावर एका कांसाराच्या पोटीं एक मुलगा जन्मतो. त्याची आई तो वर्षाचा होण्यापूर्वींच वारते. गांवांत जडीबुटी करणारी त्याची एक मावशी असते. तिच्या तोंडून ऐकलेला एक शब्द मुलगा उच्चारतो, तों रानांतल्या शेळ्या त्याच्याभोंवतीं गोळा होतात. परमुलखाचे लुटारू गांवावर चालून आले असतां हा बारा वर्षांचा पोर धुक्याचें जाळें विणून सारा गांव झांकून टाकतो. ती वार्ता ऐकून ओगियन नांवाचा एक मितभाषी, वृद्ध मांत्रिक येतो, तेराव्या वर्षीं मुलास थंडगार झऱ्यांतून चालत पलीकडे येण्यास सांगतो, आणि त्याच्या कानांत त्याचें खरें नांव सांगतो: गेड.

गुरु थोर, पण शिष्य उतावळा. ओगियन पावसांत भिजतो, परंतु मंत्रानें पाऊस दूर सारीत नाहीं; गेडला हें समजत नाहीं. त्याला कीर्ति हवी असते. एका मुलीनें डिवचल्यामुळें तो गुरूच्या ग्रंथांत मृतांना बोलावण्याचा मंत्र वाचतो, तेव्हां दाराशीं कांहीं तरी काळें उभें राहतें. गुरु त्यास घालवून देतात. पुढें गेड रोक बेटावरील विद्यापीठांत जातो. तेथें जॅस्पर नांवाच्या उमरावी थाटाच्या एका विद्यार्थ्याशीं त्याचें वैर जडतें, आणि त्याला खालीं पाहावयास लावण्यासाठीं एके रात्रीं तो शतकांपूर्वीं मेलेल्या एका राजस्त्रीस हांक मारतो. ती क्षणभर दिसते. परंतु तिच्या पाठोपाठ, जगाला पडलेल्या त्या भेगेंतून, एक आकारहीन सावली उडी घेते आणि गेडच्या तोंडास ओरबाडते. ती भेग बुजवितांना विद्यापीठाचे कुलगुरु आपले प्राण वेंचितात. गेड वांचतो, पण त्याच्या गालावरचे व्रण जन्माचे राहतात, आणि ती सावली बाहेर मोकळीच राहते.

येथून पुढें सर्व पुस्तकभर ती सावली त्याचा पाठलाग करिते. तो एका गरीब बेटावर जाऊन राहतो, मित्राच्या मरणोन्मुख बालकास वांचविण्यासाठीं मृत्यूच्या सीमेपलीकडे जातो, तर परततांना सीमेवर ती उभी. एका म्हाताऱ्या सर्पराक्षसाशीं, म्हणजे ड्रॅगनाशीं, त्याची गांठ पडते. तो ड्रॅगन म्हणतो, तुझ्या सावलीचें नांव मी सांगतों. गेडला तें नांव हवें असतें. त्यावांचून त्याची सुटका नसते. परंतु तो तें नाकारतो आणि त्या बदल्यांत, भोंवतालच्या बेटांस पुन्हां त्रास देणार नाहीं, अशी शपथ ड्रॅगनाकडून घेतो. शेवटीं थकून भागून तो पहिल्या गुरूकडे परततो. ओगियन त्याला एकच उपदेश करितात: पळूं नकोस, मागें वळ. जो तुझी शिकार करीत आहे त्याचीच शिकार कर. आणि गेड वळतो, तेव्हां सावली पळूं लागते. व्हेच नांवाच्या आपल्या एकमेव मित्रासह तो तिच्या मागें मागें नकाशांतल्या शेवटच्या बेटाच्याही पलीकडे जातो. तेथें ती समोर येते. दोघेही एकाच क्षणीं एकमेकांस हांक मारतात, आणि दोघांच्याही तोंडून एकच नांव निघतें. तें नांव 'गेड' हेंच असतें.

शेवट सांगितल्याबद्दल कोणी आम्हांस दोष देईल. पण आमच्या नातवानें हा शेवट ठाऊक असूनही पुस्तक पुन्हां दोनदां वाचिलें, यावरून शेवट कळल्यानें या कथेचें कांहीं कमी होत नाहीं हें सिद्ध आहे.

आतां या कथेंतील मुख्य कल्पना पाहा. प्रत्येक वस्तूस व प्रत्येक माणसास एक खरें नांव असतें, तें ज्याला कळलें त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते, म्हणून कोणी आपलें खरें नांव सहसा सांगत नाहीं. आमच्या वाचकांस ही कल्पना अगदीं परकी वाटूं नये. आश्वलायनाच्या गृह्यसूत्रांत मुलाचें एक अभिवादनीय नांव ठेवावयास सांगितलें आहे, व मुंज होईपर्यंत तें फक्त आईबापांसच ठाऊक असावें, असेंही तेथें म्हटलें आहे. बारशाला नांव आधीं कानांत सांगितलें जातें, मग चारचौघांत. पतीचें नांव उघड न घेणाऱ्या व उखाण्यांत गुंफून घेणाऱ्या स्त्रिया आमच्या घरांतून अजून आहेत. नांव हा केवळ हांक मारण्याचा शब्द नव्हे, तें माणसाचें मर्म आहे, ही जाणीव आपल्या आज्यांना होती. म्हणूनच रोक बेटावर गेड सर्वस्व गमावून बसला असतां व्हेच त्याला आपलें खरें नांव आपण होऊन सांगतो, तो प्रसंग वाचतांना आमचे डोळे पाणावले. याहून मोठें दान एक मित्र दुसऱ्यास काय देणार?

दुसरी कल्पना समतोलाची. मंत्रानें दिवा लावला तरी त्याची किंमत कोठें तरी मोजावी लागते. एका बेटावर पाऊस पाडिला तर दुसऱ्या बेटावर अवर्षण पडेल. म्हणून ज्ञानी मनुष्य अगदीं अवश्य असेल तेवढेंच करितो. ले ग्विन यांस चिनी ऋषि लाओत्से यांच्या ग्रंथाची आयुष्यभर गोडी होती. १९९७ सालीं त्यांनीं त्याची आपली इंग्रजी आवृत्तीही प्रसिद्ध केली. परंतु आम्हांस तें वाचतांना आठवण झाली ती महाभारताच्या सौप्तिकपर्वाची. अर्जुन आणि अश्वत्थामा या दोघांनींही ब्रह्मास्त्र सोडिलें. मध्यें व्यास व नारद येऊन उभे राहिले व अस्त्रें परत घ्या म्हणाले. अर्जुनास तें परत घेतां आलें. अश्वत्थाम्यास सोडण्याची विद्या होती, आवरण्याची नव्हती. मग तें अस्त्र जाऊन पडलें तें पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर. सोडणाऱ्याचें मोल निरपराध्यानें द्यावें, हाच अपुऱ्या विद्येचा नियम दिसतो. गेडच्या अहंकाराचें मोल वृद्ध कुलगुरूंनीं दिलें.

पुस्तकांत दोष नाहींत असें नव्हे. पेन्सिल हातांत होती व ती अगदींच कोरी परत आली नाहीं. रोकच्या विद्यापीठांत एकाही मुलीस प्रवेश नाहीं. खेड्यांतील स्त्रियांची विद्या ही दुबळी अथवा दुष्ट, अशा अर्थाची म्हणच त्या लोकांत रूढ दाखविली आहे, आणि लेखिकेनें ती कोठें खोडून काढिलेली नाहीं. एका विदुषीच्या हातून असें व्हावें याचें वाईट वाटलें. परंतु ले ग्विन यांचा मोठेपणा असा कीं, त्यांनीं हा दोष स्वतः ओळखिला आणि १९९० सालीं याच मालेंत 'तेहानू' ही कादंबरी लिहून त्याच जगाकडे स्त्रियांच्या डोळ्यांनीं पाहिलें. आपल्याच जुन्या ग्रंथाशीं असा वाद घालणारे लेखक थोडे. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या कथेचा नायक तांबूस-सांवळ्या वर्णाचा आहे, त्याचा मित्र व्हेच काळा आहे, आणि गोरे आहेत ते आरंभींचे लुटारू. १९६८ सालच्या अमेरिकेंत हें सहज घडलेलें नव्हतें, हेतुपुरस्सर केलेलें होतें. पुढें २००४ सालीं दूरचित्रवाणीवर या कथेचें रूपांतर दाखविण्यांत आलें तेव्हां नायक गोरा करण्यांत आला, आणि लेखिकेनें त्याचा उघड निषेध केला.

एवढें टिपण आम्हीं पंच या नात्यानें तयार केलें होतें, आणि निकालही मनांत ठरला होता: पुस्तक नीतीस पोषक आहे, घरांत असण्यास प्रत्यवाय नाहीं. परंतु त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. ओगियनच्या त्या एका वाक्यानें आम्हांस पकडिलें होतें. त्याचें कारण सांगणें आतां प्राप्त आहे.

दोन वर्षांपूर्वीं वैशाखांत आम्ही सर्व मंडळी देशावर आमच्या मूळ गांवीं गेलों होतों. तेथील मळ्यांत आमची जुनी दगडी विहीर आहे. मोट केव्हांच गेली व पंप आला. पण मोटेचें थारोळें अजून तसेंच उभें आहे. एके दिवशीं रात्रीं अंगणांत जेवणें चाललीं असतां मुलांच्या आग्रहावरून आम्हीं जुन्या गोष्टी सांगूं लागलों, आणि भरांत येऊन म्हणालों कीं, "तुमच्याएवढे असतांना आम्ही त्या थारोळ्यावरून विहिरींत सूर मारला होता." मुलें थक्क झालीं. आमचा नातू, तेव्हां तेरा वर्षांचा, आमच्याकडे डोळे विस्फारून पाहत राहिला. दुसऱ्या दिवशीं भर दुपारीं, मोठीं माणसें लवंडलीं असतां, तो आपल्या धाकट्या चुलतभावास घेऊन विहिरीवर गेला. "आजोबांनीं मारली होती, तूं भितोस काय?" असें म्हणून त्यानें त्याला डिवचलें. धाकटा अकरा वर्षांचा. त्यानें उडी घेतली. वैशाखाचें पाणी खालीं गेलेलें. पाय पायरीच्या दगडावर आदळला. देवाच्या कृपेनें पोर वांचलें. पण घोट्याचें हाड जुळलें तें किंचित् वांकडें, आणि तो आजही थोडा लंगडतो. हा धाकटा म्हणजे वहिनींचा नातू.

घरांत कोणी कोणास बोललें नाहीं. "झालें गेलें, पोर वांचलें हें काय थोडें?" असें सर्व म्हणाले, आणि तो विषय बंद झाला. एकत्र कुटुंबाची ही एक मोठी शक्ति आहे असें आम्ही समजत होतों: वाईट गोष्ट गिळून टाकावी व पुढें चालावें. परंतु गिळलेली गोष्ट जात नाहीं. ज्याचें नांव घेतलें जात नाहीं तें दाराशीं उभें राहतें. आमचा नातू त्या दिवसापासून घुमा झाला होता. आम्हीं त्यास वयाचा दोष म्हटलें. तो एकच पुस्तक तीनदां कां वाचीत होता हें आमच्या ध्यानांत त्या रात्रीं आलें: आपल्या बढाईनें दुसऱ्यास इजा झाली असतां मनुष्यानें पुढें काय करावें, हें सांगणारें दुसरें कोणी त्याला घरांत भेटलें नव्हतें.

आणि एवढ्यावर भागत नव्हतें. त्या बढाईचा मूळ कर्ता तो नव्हता, आम्ही होतों. शिवाय ती बढाई खोटी होती. तेराव्या वर्षीं आम्ही त्या थारोळ्यावर चढलों होतों हें खरें. पण खालीं पाहतांच पाय लटपटूं लागले, आणि आम्ही उतरून परत आलों. सूर मारला तो आमच्या वडील बंधूंनीं. ते गेल्यावर ती उडी हळूहळू आमची झाली. प्रथम एकदां सांगतांना "आम्ही दोघे" असें म्हटलें गेलें, पुढें "आम्ही" राहिलें. मेलेल्या भावाचें धाडस आम्हीं आपल्या नांवावर लावून घेतलें, आणि त्या उसन्या शौर्याचें मोल त्याच्याच नातवाच्या पायानें दिलें. दोन वर्षें हें आम्हांस ठाऊक होतें. दोन वर्षें आम्ही त्यापासून पळत होतों, आणि तें लंगडत लंगडत घरभर आमच्या मागें फिरत होतें.

दुसऱ्या दिवशीं रात्रीं पंगत बसली. वहिनी वाढीत होत्या. त्यांनीं विचारलें, "काय भावोजी, झालें कां पुस्तक वाचून?" आम्ही म्हणालों, "वहिनी, निकाल मागाहून सांगतों. आधीं आम्हांस कांहीं सांगावयाचें आहे." आणि भरल्या पंगतींत, दोन्ही नातवांच्या समोर, वर लिहिलें आहे तें सर्व आम्हीं सांगितलें. आवाज स्थिर राहिला नाहीं, हेंही लिहिलें पाहिजे.

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. वहिनींच्या हातांतील वाढण्याची पळी तशीच राहिली. मग त्या शांतपणें म्हणाल्या, "भावोजी, ती उडी कोणाची होती, तें मला लग्नाच्या वर्षींच कळलें होतें. त्यांनीं मला तें थारोळें दाखविलें होतें. तुम्ही केव्हां सांगतां याची मी वाट पाहत होतें."

एवढेंच. ना राग, ना उपदेश. त्यांनीं पुढच्या पानावर वाढलें. आम्हांस घांस गिळवेना. इतक्यांत आमचा नातू उठला, पंगत मोडून उठूं नये हा नियम असतांही उठला, आणि धाकट्याच्या पानाशेजारीं जाऊन बसला. तो त्याला काय म्हणाला तें आम्हांस ऐकूं आलें नाहीं, आणि आम्हीं विचारलेंही नाहीं. धाकटा फक्त म्हणाला, "दादा, तुझी आमटी निवते आहे." त्यावर दोघेही हंसले, आणि आम्हीं दोन वर्षांत प्रथमच आमच्या नातवाचें हंसूं ऐकलें.

या योगें सर्व मिटलें असें आम्ही म्हणत नाहीं. पाय वांकडा आहे तो वांकडाच राहणार. गेडच्या गालावरचे व्रणही शेवटपर्यंत गेले नाहींत. पुस्तकाचें शहाणपण यांतच आहे कीं, सावलीस हांक मारल्यानें सावली नाहींशी होते असें तें सांगत नाहीं. ती आपली होते, आणि मनुष्य पुरा होतो, एवढेंच तें सांगतें. आम्हांस वाटतें, मुलांस धर्म आणि नीति शिकविणाऱ्या पुष्कळ पुस्तकांत ही एक गोष्ट राहून जाते. त्यांत पाप नेहमीं दुसऱ्याचें असतें, राक्षस नेहमीं बाहेरचा असतो, आणि तो मेला कीं कथा संपते. या कथेंत राक्षस मरत नाहीं, कारण तो मारतां येण्यासारख्या जागीं नसतोच.

निकाल विचाराल तर असा. बाराव्या-तेराव्या वर्षापासून पुढच्या मुलामुलींच्या हातीं हें पुस्तक नि:शंक द्यावें. सुमारें दोनशे पानांचें आहे, भाषा गंभीर पण सोपी आहे. ज्या मुलांस इंग्रजी जड जाईल त्यांस मोठ्यांनीं मराठींत सांगत सांगत वाचून दाखवावें. परंतु एक अट आम्ही घालूं. घरांतील वडील माणसांनीं तें आधीं वाचावें. मुलांस योग्य आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं नव्हे, तर स्वतःसाठीं.

वहिनींनीं हा निकाल मान्य केला, आणि शिक्षा म्हणून, कीं बक्षीस म्हणून, हें पुस्तक त्यांस मराठींत वाचून दाखविण्याचें काम आमच्याकडे व नातवाकडे दिलें. तें संपून आतां मालेंतील दुसरें पुस्तक, १९७१ सालचें 'द टूम्ब्स ऑफ अटुआन', चालू आहे. त्यांत एका लहान मुलीस आईबापांपासून आणून देवळाची पुजारीण करितात आणि तिचें नांव काढून घेतात. पुढें गेड येऊन तिला तें परत देतो. परवां तो भाग वाचून झाल्यावर वहिनी कांहीं वेळ वाती वळीत गप्प बसल्या. मग मुलांकडे पाहून म्हणाल्या, "माझें माहेरचें नांव तुमच्यापैकीं कोणाला ठाऊक आहे कां रे?"

कोणालाही ठाऊक नव्हतें. त्यांच्या लग्नास साठ वर्षें होत आलीं. इतक्या वर्षांत आम्हींही कधीं विचारलें नव्हतें. वहिनींनीं तें नांव सांगितलें. मुलांनीं तें एकदां हळूच उच्चारून पाहिलें. तें येथें छापण्याचा अधिकार मात्र आम्हांस नाहीं.